इकॉलॉजीतला पहिला संशोधन प्रकल्प: आधी रिकामा तक्ता आखा

पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला प्रकल्पाबद्दल विचारले, तर ‘फुलपाखरांची विविधता’ किंवा ‘प्रदूषणाचा वनस्पतींवर होणारा परिणाम’ असे उत्तर बहुधा मिळते. हे विषय आहेत, प्रश्न नव्हेत. विषयाचा प्रश्न झाला की नाही हे तपासण्यासाठी एक कोरा कागद घ्यावा, अजून गोळा न केलेल्या माहितीचा तक्ता त्यावर आखावा, स्तंभांना नावे द्यावीत आणि पहिली ओळ काल्पनिक आकड्यांनी भरून पाहावी. त्या ओळीत एक पान असेल, एक झाड असेल, एक चौकट (रोपे किंवा प्राणी मोजण्यासाठी जमिनीवर ठेवतात ती ठरावीक मापाची) असेल की एक अख्खे तळे, हे सांगता येत नसेल, तर फील्डवर्कला निघण्याची वेळ अजून आलेली नाही.

समजा, जंगलाच्या कडेच्या झाडांची पाने कीटक जास्त खातात की आतल्या झाडांची, असा प्रश्न आहे. तक्त्यात तारीख, झाडाचा क्रमांक, जागा (कड की आतला भाग), खोडाचा घेर आणि पानाचा खाल्लेला भाग असे स्तंभ येतील. शेवटचा स्तंभ लिहायला सोपा आणि भरायला अवघड आहे. पारदर्शक पत्र्यावर दोन-दोन मिलिमीटरच्या चौकोनांची जाळी आखून ती पानावर ठेवता येते आणि खाल्लेले चौकोन मोजता येतात. अर्ध्याहून अधिक खाल्लेला चौकोन पूर्ण धरायचा, अर्ध्याहून कमी असेल तर सोडून द्यायचा, आणि हा नियम पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बदलायचा नाही. खरी मेख मात्र पान निवडण्यात आहे. आपली नजर भोके पडलेल्या पानाकडेच आधी जाते, त्यामुळे ‘सहज दिसेल ते पान घेतले’ असे म्हणणाऱ्याने नकळत खाल्लेलीच पाने निवडलेली असतात. यावर उपाय म्हणून फांदीच्या टोकाकडून तिसरे पान घ्यायचे, मग ते कसेही असो, असे आधीच ठरवून ठेवावे. कोवळ्या आणि जून पानांची सरमिसळही त्यामुळे आपोआप टळते.

आता दहा झाडांची प्रत्येकी तीस पाने मोजली, तर नमुन्याचा आकार तीनशे झाला का? नाही, तो दहाच राहिला. एका झाडाची पाने एकाच मुळावर वाढतात आणि कीटकांच्या एकाच टोळीला तोंड देतात. ती एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. म्हणून तीस पानांची सरासरी काढून प्रत्येक झाडाची एकच ओळ लिहावी. याहून बारीक अडचण अशी की कडेची सगळी झाडे एकाच कडेवरची आणि आतली सगळी एकाच ठिकाणची असतील, तर आपण कड आणि आतला भाग यांची तुलना केलेली नसते, फक्त दोन जागांची केलेली असते. स्टुअर्ट हर्लबर्ट या परिस्थितिकी-शास्त्रज्ञाने १९८४ साली या चुकीला ‘स्यूडोरेप्लिकेशन’, म्हणजे आभासी पुनरावृत्ती, असे नाव दिले. त्याने तपासलेल्या १७६ प्रकाशित प्रयोगांपैकी २७ टक्क्यांमध्ये ती आढळली होती. अनुभवी संशोधकांच्या हातून होणारी चूक विद्यार्थ्याकडून झाली तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण ती फील्डवर्क संपल्यावर लक्षात आली तर कोणतीही संख्याशास्त्रीय चाचणी ती दुरुस्त करू शकत नाही. आखलेला तक्ता मार्गदर्शकांना दाखवताना ‘माझी एक ओळ दुसरीपासून खरोखर स्वतंत्र आहे का?’ हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा.

प्रकल्प लहान असल्याची खंत अनेकांना वाटते आणि ती मला नेहमीच अनाठायी वाटत आली आहे. डार्विनने तीन फूट लांब आणि दोन फूट रुंद जमीन खणून साफ केली, तिथे उगवणाऱ्या तणाच्या प्रत्येक रोपावर खूण केली आणि ३५७ पैकी २९५ रोपे नष्ट झाल्याचे नोंदवले. बहुतेक रोपे गोगलगायींनी आणि कीटकांनी खाल्ली होती. एवढ्याशा वाफ्यातून जगण्याच्या झगड्याचे एक बोलके उदाहरण त्याच्या हाती आले. जोसेफ कॉनेलने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील बार्नेकल या कवचधारी प्राण्यांवर केलेला आणि १९६१ साली प्रसिद्ध झालेला प्रयोगही उपकरणांच्या बाबतीत साधाच होता. दगडाच्या एका भागावरून एक जात खरवडून काढायची, शेजारचा भाग तसाच ठेवायचा, आणि दुसरी जात कुठे तगते ते पाहत राहायचे. तुलनेसाठी राखलेला भाग त्याच दगडावर असल्याने ऊन, लाटा आणि भरती-ओहोटी दोन्हींकडे जवळपास सारखीच होती. नियंत्रण गट कसा निवडावा हे याहून सोपे करून सांगता येणार नाही.

जागा निवडताना चौकट पाठीमागे फेकण्याची प्रथा अजून दिसते. हात, पाय आणि काट्यांची भीती मिळून ती चौकट कुठे पडणार हे बऱ्याच अंशी ठरवतात, म्हणून त्या निवडीला यादृच्छिक (रँडम) म्हणता येत नाही. भूखंडाच्या दोन बाजूंना मोजपट्ट्या लावाव्यात, संगणकाकडून किंवा तक्त्यातून यादृच्छिक आकड्यांच्या जोड्या घ्याव्यात आणि जिथे त्या जुळतील तिथेच चौकट ठेवावी, मग तिथे झुडूप असो वा चिखल. चौकटीच्या रेषेवर उभ्या असलेल्या रोपांसाठीही नियम हवा: दोन ठरावीक बाजूंवरची मोजायची, उरलेल्या दोन बाजूंवरची सोडायची.

मुख्य कामाआधी दोन दिवसांची चाचणी-फेरी करावी. एका चौकटीला पंचवीस मिनिटे लागतात हे त्यात कळले, तर चाळीस चौकटींना जवळपास सतरा तास लागतील, आणि त्यात प्रवास व पाऊस धरलेला नाही, हेही कळते. दोघे मिळून काम करणार असतील तर दोघांनी तीच चौकट एकमेकांचा आकडा न पाहता मोजावी. पहिल्या दिवशी आकडे हटकून वेगळे येतात. तो फरक दोन माणसांमधला असतो, पण नंतर तोच दोन जागांमधला फरक म्हणून अहवालात शिरू शकतो.

प्राण्यांची संख्या काढताना अंदाज किती नाजूक असतो हे एकदा कागदावर करून पाहावे. चाळीस गोगलगायींच्या शंखावर नेलपॉलिशचा बारीक ठिपका दिला, शक्यतो पक्ष्यांना सहज दिसणार नाही अशा जागी, आणि त्यांना सोडून दिले. काही दिवसांनी पन्नास पकडल्या आणि त्यांतल्या दहांवर ठिपका होता. पकडलेल्यांत पाचवा हिस्सा खुणावलेला निघाला, तेव्हा आधीच्या चाळीस याही एकूण संख्येचा पाचवा हिस्सा धरायच्या: चाळीस गुणिले पन्नास भागिले दहा, म्हणजे एकूण संख्या दोनशे. दहाऐवजी आठच खुणावलेल्या सापडल्या असत्या तर हाच अंदाज अडीचशे झाला असता. दोन गोगलगायींनी पन्नासांचा फरक पाडला. लहान नमुन्यांसाठी चॅपमन या संख्याशास्त्रज्ञाची दुरुस्ती वापरतात, म्हणजे प्रत्येक आकड्यात एक मिळवतात आणि शेवटी उत्तरातून एक वजा करतात: एक्केचाळीस गुणिले एक्कावन्न, भागिले अकरा, वजा एक, म्हणजे सुमारे १८९. दोन्ही रीतींत खुणा पुसल्या जात नाहीत, दरम्यान कोणी आत-बाहेर करत नाही, आणि खुणावलेला प्राणी इतरांइतक्याच सहजतेने पकडला जातो, असे गृहीत धरलेले असते. आपल्या प्रकल्पात यांतले कोणते गृहीतक लंगडे आहे ते अहवालात स्पष्ट लिहावे. जमिनीत पुरलेल्या पेल्यांच्या सापळ्यांबाबतही हीच सावधगिरी हवी. त्यात जास्त भुंगेरे पडले म्हणजे तिथे जास्त भुंगेरे राहतात असे नव्हे. उबदार रात्री ते जास्त फिरतात, एवढाही त्याचा अर्थ असू शकतो.

नोंदवही पेन्सिलने लिहावी, कारण ओल्या कागदावर शाई पसरते. सुरुवातीची आणि शेवटची वेळ, हवामान आणि निरीक्षकाचे नाव प्रत्येक पानावर असावे. शोधूनही काही सापडले नाही तर शून्य लिहावे आणि मोजलेच नसेल तर तसे शब्दांत लिहावे. रिकामी जागा दोन्ही अर्थांनी वाचली जाते आणि महिन्याभराने खुद्द लिहिणाऱ्यालाही त्यातला फरक आठवत नाही. त्याच संध्याकाळी पानाचा फोटो काढून आकडे संगणकावर उतरवावेत. स्प्रेडशीटवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. मार्च आणि सप्टेंबर यांच्या इंग्रजी लघुरूपांसारखी दिसणारी जनुकांची नावे ती परस्पर तारखांमध्ये बदलून टाकत असे, आणि अखेर २०२० साली मानवी जनुकांना नावे देणाऱ्या समितीने नियमावलीतच त्या जनुकांची नावे बदलल्याचे नमूद केले. मूळ फाइल कधीही न बदलता वेगळी ठेवावी आणि विश्लेषण तिच्या प्रतीवर करावे.

परवानगीचे काम लवकर सुरू करावे. जमिनीचा मालक किंवा संबंधित खाते, आणि कशेरुकी प्राणी हाताळायचे असल्यास संस्थेची नीतिसमिती, यांच्याकडून लेखी होकार हवा. फोटोने भागत असेल तर नमुना गोळा करू नये. एका पाणथळ जागेतून दुसरीकडे जाताना बूट आणि जाळी धुऊन, निर्जंतुक करून, कोरडी करावीत. बेडकांच्या अनेक जातींचा घास घेणारी कायट्रिड बुरशी ओल्या साहित्यावरूनही पसरू शकते.

विश्लेषणात आधी आलेख काढावा, आणि तोही सरासरीच्या खांबांचा नव्हे तर प्रत्येक ओळीचा एक ठिपका असलेला. कोणती चाचणी लावायची हे तक्ता आखतानाच ठरलेले असावे, कारण आकडे पाहून चाचण्या बदलत गेले की कोणती ना कोणती चाचणी हवे ते उत्तर देतेच. आर ही संगणकभाषा मोफत आहे आणि एवढ्या कामाला पुरेशी आहे. फरक आढळला नाही तर तेही उत्तरच आहे. फक्त किती मोठा फरक आपल्या नमुन्यातून दिसू शकला असता ते सोबत लिहावे.

अहवालातला ‘पद्धती’ हा भाग शेवटी लिहिण्याची सवय चुकीची आहे. तो फील्डवर्क चालू असतानाच लिहावा आणि प्रकल्पाशी संबंध नसलेल्या एखाद्या वर्गमित्राच्या हाती देऊन, काहीही न बोलता, त्याला त्यावरून एक चौकट ठेवून मोजायला सांगावे. तो जिथे थांबून ‘आता काय करू?’ असे विचारेल, तिथे एक वाक्य लिहायचे राहिलेले असते.