भिजलेला जोंधळा, मका आणि गर्भारपण: या चुका टाळा

परतीच्या पावसात कणसं भिजली की खानापूर, निपाणी, अथणीकडच्या बऱ्याच घरांत चांगलं धान्य बाजाराला जातं आणि काळवंडलेलं घरच्या भाकरीला राहतं. घरात पोटुशी लेक-सून असेल तर हे करू नका.

भिजलेल्या जोंधळ्या-मक्यावर फ्युजेरियम जातीची बुरशी धरते आणि ती फ्युमोनिसिन नावाचं विष तयार करते. 1995 मध्ये दख्खनच्या पठारावरील काही गावांत असंच धान्य खाऊन लोकांना पोटात कळा आणि जुलाब झाले होते. म्हणजे हा धोका आपल्याच मुलखातला आहे.

गर्भाबद्दलची माहिती मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांतून आली. गर्भाची मज्जानलिका, म्हणजे मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू जिच्यातून घडतो ती नळी, मिटण्याच्या सुमारास गाभण उंदरांना हे विष टोचलं. एका प्रयोगात 79 टक्के गर्भांत ती नळी उघडीच राहिली. हे विष पेशींच्या आवरणातली काही स्निग्ध द्रव्यं बनू देत नाही आणि त्यामुळे पेशींना फॉलिक ॲसिड नीट शोषता येत नाही.

हे वाचून घाबरून जाणं चूक आणि ‘उंदरांचं उंदरांपाशी’ म्हणून सोडून देणंही चूकच. त्या उंदरांना दिलेला डोस रोजच्या जेवणातून जाईल त्याहून फार मोठा होता. शिवाय ती विशिष्ट जात या विषाला हळवी. पोटातून विष दिलेल्या मोठ्या जातीच्या उंदरांच्या (रॅट) आणि सशांच्या पिल्लांत अशी व्यंगं दिसली नाहीत. आई आजारी पडेल इतका डोस झाला तेव्हा पिल्लांचं वजन मात्र घटलं. माणसांत हा संबंध सिद्ध झालेला नाही, पण 1990-91 च्या सुमारास अमेरिकेत टेक्सासच्या सीमाभागात मका हेच मुख्य अन्न असलेल्या वस्त्यांत असं व्यंग असलेली बाळं जास्त जन्मली, तेव्हा संशोधकांनी याच विषावर बोट ठेवलं. एवढ्या संशयावर एक पोतं बाजूला काढणं मला मुळीच जास्त वाटत नाही.

‘तव्यावर भाजलं की विष जातं’ हा समज सगळ्यांत घातक. बुरशी मरते, विष बरंचसं तसंच राहतं. वरून पुसून, ऊन दाखवून दळणं हीसुद्धा तीच चूक. सुपात पाखडा, फुटके, गुलाबी-पांढरी झाक आलेले आणि काळे दाणे निवडून टाका. उरलेलं धान्य पाण्यात टाकून तरंगणारे दाणे काढून टाका आणि बुडालेलं धान्य खडखडीत वाळवूनच गिरणीत न्या. याने विष कमी होतं, संपत नाही. स्वच्छ दिसणाऱ्या दाण्यातही ते असू शकतं. म्हणून गरोदर बाईसाठी न भिजलेलं धान्य वेगळं ठेवा. बुरशी लागलेले शेंगदाणेही चटणीत घालू नका; त्यांतलं अफ्लाटॉक्सिन वेगळं, पण तेही भाजून पूर्ण जात नाही.

फॉलिक ॲसिडची गोळी उशिरा सुरू करणं ही आणखी एक चूक. माणसाच्या गर्भात ती नळी गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत मिटते, आणि तोवर कित्येकींना दिवस गेल्याचं नीट कळलेलंही नसतं. म्हणून मूल हवं असं ठरलं की लगेच डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारून गोळी सुरू करा. तरी गोळी चालू आहे म्हणून बुरशीचं धान्य चालेल, असं समजू नका. प्रयोगात फॉलिक ॲसिडने उंदरांच्या गर्भांना काही अंशीच वाचवलं.

आणि निवडून काढलेलं धान्य गोठ्यात ओतू नका. घोडे आणि डुकरं फ्युमोनिसिनने दगावू शकतात, आणि चाऱ्यातलं अफ्लाटॉक्सिन म्हशीच्या दुधात उतरतं. तेच दूध गरोदर बाईच्या पेल्यात जातं. ते धान्य लांब खड्ड्यात पुरा.