भाऊबिजेचा फोटो: तीन पिढ्या, बारा माणसं

आधी वेळ पक्की करा, बाकीचा दिवस तिच्याभोवती बसवायचा आहे. दिवाळीत पुण्यात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, म्हणजे पावणेपाच ते साडेपाच हा तिरका, मऊ उजेड तुमचा. नागपूरकरांनी हेच गणित सुमारे पंचवीस मिनिटं अलीकडे घ्यावं. ओवाळणी आणि जेवण दीड-दोनपर्यंत आटपलं, तर लहानांची झोप होते, मोठ्यांचा साडेचारचा चहा होतो आणि सगळे ताजे असतात. दुपारीच काढायचा असेल तर भर उन्हात उभे राहू नका. डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडतात आणि प्रत्येकजण डोळे बारीक करतो. ओसरी किंवा इमारतीची सावली गाठा, सावलीच्या कडेपासून दोन-तीन फूट आत थांबा, तोंडं मोकळ्या आकाशाकडे ठेवा. घरात काढणार असाल तर ट्यूबलाइट बंद करा आणि खिडकीकडे तोंड करा.

आदल्या दिवशी सगळ्यांचे कपडे पलंगावर शेजारी शेजारी मांडून मोबाइलवर एक फोटो काढा. त्यात जो कपडा एकटाच डोळ्यांत भरतो, तो बदला. सगळ्यांनी एकाच रंगात यायचा आग्रह मात्र नको. बारा माणसांचा मिळून एकच ठिपका होतो. आजीची साडी आधी ठरवा आणि तिच्या काठापदरातले दोन-तीन रंग इतरांना वाटून द्या. भडक पोपटी किंवा राणी रंग टाळावा, त्याची झाक हनुवटीखाली उमटते. अगदी बारीक रेघांच्या शर्टावर डिजिटल फोटोत लाटा दिसतात. जरीवर समोरून फ्लॅश पडला की पांढरे डाग येतात, म्हणून फ्लॅश नकोच. खिशातले मोबाइल, किल्ल्या, पाकीट काढून ठेवा. उन्हात काळा होणारा चष्मा असेल त्याने सगळ्यांत शेवटी बाहेर यावं, कारण काच पुन्हा साफ व्हायला काही मिनिटं जातात. भिंगावर चकाकी येत असेल तर चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचला, म्हणजे भिंगं खाली झुकतात. टोपी किंवा फेटा कपाळावरून जरा मागे सरकवला नाही, तर डोळे सावलीत जातात.

आजी-आजोबांसाठी हातांच्या, ताठ पाठीच्या लाकडी खुर्च्या काढा. सोफ्यात माणूस रुततो, गुडघे वर येतात आणि पोट पुढे. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसवा, कंबर दुखत असेल तर मागे उशी द्या. दोन्ही खुर्च्या किंचित एकमेकींकडे वळवा. या जोडीला आधी बसवून मग बाकीचे भोवती आणा. उंचीप्रमाणे ओळ लावली की शाळेचा फोटो होतो. कोणी जमिनीवर, कोणी खुर्चीच्या हातावर टेकून, कोणी मागे उभं, अशी डोकी वरखाली होऊ द्या. खांदा खांद्याआड जाऊ द्या. प्रत्यक्षात साधं वाटणारं अंतर फोटोत दुरावा वाटतं, म्हणून दोन डोक्यांमध्ये वीतभरापेक्षा जास्त जागा नको.

उभं राहताना अंग थोडं तिरकं, वजन मागच्या पायावर, पुढचा गुडघा सैल. दंड अंगापासून बोटभर सुटा ठेवा. दाबला की तो चपटा होतो आणि जाड दिसतो. कॅमेरा समोर आला की बहुतेकजण मान मागे ओढतात आणि गळ्याला वळी पडते. उलट करा: मान जराशी पुढे, मग हनुवटी किंचित खाली. आरशासमोर दोनदा केलं की अंगवळणी पडतं.

सगळ्यांत जास्त वेळ हातांना द्या, कारण फोटोतला अवघडलेपणा तिथेच दिसतो. काम नसलेले हात पोटासमोर जुळतात किंवा मुठी वळतात. प्रत्येक हाताला जागा नेमून द्या: नातीच्या खांद्यावर, खुर्चीच्या पाठीवर, आजोबांच्या हातात. बोटं सैल ठेवा. मागून कुणाच्या खांद्यावर हात ठेवलात तर तो मनगटापर्यंत दिसू दे, नाहीतर पूर्ण लपवा. नुसती चार बोटं दिसली की ती कोणाची ते कळत नाही.

‘हसा’ असं सांगून आणलेलं हसू दोन-तीन सेकंदांत गोठतं. त्यापेक्षा सगळ्यांना डोळे मिटायला, श्वास सोडायला आणि ‘तीन’ म्हटल्यावर डोळे उघडायला सांगा, आणि लगेच क्लिक करा. मग यंदा कोणाची चकली फसली, एवढं विचारा. माणसं एकमेकांकडे वळतात, बोलू लागतात. त्या वेळी बटण दाबत राहा, चांगले फोटो बहुधा त्यातच निघतात.

लहान मुलांचे फोटो पहिल्या दहा मिनिटांत उरकावेत. बाळाला एकानेच हाक मारायची, तीही कॅमेऱ्याच्या अगदी मागे उभं राहून. चार बाजूंनी चार आत्या-मावश्या टाळ्या वाजवू लागल्या की बाळ भलतीकडेच बघतं. आणि मोठ्यांना बजावून ठेवा: बाळ बघतंय की नाही हे तपासायचं नाही, नजर कॅमेऱ्यावरच. नाहीतर बाळ समोर बघतं तेव्हा सगळे मोठे बाळाकडे बघत असतात.

किती फोटो काढायचे याचंही गणित आहे. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेच्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांना त्यासाठी २००६ साली इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस मिळालं. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागा, कमी उजेडात दोनने. बारा माणसांसाठी चार किंवा सहा फोटो काढले, की सगळ्यांचे डोळे उघडे असलेला एक तरी मिळण्याची खात्री जवळजवळ धरता येते. मुलं असतील तर दुप्पट काढा.

कॅमेरा असेल तर दोन ओळींसाठी अ‍ॅपर्चर (भिंगाचं छिद्र) एफ ५.६ ते एफ ८, शटरचा वेग १/२०० सेकंदाच्या आसपास. मोबाइलवर वाइड लेन्स नको, कडेची माणसं ताणली जातात. २एक्स लावून मागे सरका. फोन बसलेल्यांच्या डोळ्यांच्या थोडा वर धरा, स्टँड असेल तर उत्तम. कडेला मोकळी जागा सोडा, कारण ८ बाय १२ च्या आकारात बसलेला फोटो ८ बाय १० च्या फ्रेमसाठी छापताना दोन इंच कापला जातो आणि काठावरचा काका अर्धा होतो. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नुसता फोटो म्हणून पाठवला तर तो आकसतो, आणि १२ बाय १८ इंची प्रिंटसाठी साधारण ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात.