शाळेच्या स्टॉलवर बेने इस्राएली मलिदा मोकळा राहावा म्हणून

कोकणातल्या बेने इस्राएली ज्यूंचा हा पोहे-नारळाचा गोड मलिदा घरून कालवून नेला तर दुपारपर्यंत गिचका होतो, नारळही आंबूस लागतो. यंदा सांगलीत मुलीच्या शाळेत सगळं वेगळं नेलं आणि शेवटपर्यंत छान राहिला.

चाळीस मुलांना चवीपुरतं:

१. अर्धा किलो जाडे पोहे निघताना धुऊन चाळणीत निथळा, ओल्या फडक्याखाली ठेवा.
२. दोन नारळांचा चव बर्फाच्या डब्यात न्या.
३. पाव किलो साखर, वेलदोडा आणि बेदाणे (तासगावचे आपल्याकडे आहेतच) कोरडे, वेगळ्या डब्यात.
४. वाढण्याच्या दहा मिनिटं आधी हलक्या हाताने कालवा. भोवती फळांच्या फोडी मांडा.

पाटी लावाच: ‘पोह्यांचा मलिदा. कोकणातले बेने इस्राएली ज्यू हा एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांच्या स्मरणार्थ करतात.’ आपल्याकडे मलिदा म्हटलं की उरुसातला चपाती-गुळाचा आठवतो, मुलं तेच विचारतात. मग गप्पा आपोआप रंगतात, आणि मला तेच सगळ्यात आवडलं.

सवयीने वरून तूप किंवा दूध मात्र घालू नका. ज्यू आहारनियमांत मांसाहाराबरोबर दुधाचं चालत नाही, आणि हा मलिदा दुधातुपाविनाच असतो.