खानदेशात दीर्घकालीन आजारांच्या रुग्णांची आरोग्य साक्षरता कशी मोजावी

मधुमेह किंवा रक्तदाबाच्या रुग्णाला डॉक्टरांसमोर मोजकी मिनिटे मिळतात. एरवी केसपेपर, गोळ्यांची पाकिटे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सल्ले यांच्या आधारे त्याला स्वतःच निभावून न्यावे लागते. आजाराविषयीची माहिती मिळवणे, समजून घेणे, पारखणे आणि वापरणे या क्षमतेला आरोग्य साक्षरता म्हणतात. शिक्षणावरून तिचा अंदाज बांधू नये, कारण पदवीधर माणूसही मोबाइलवर आलेला काढा पिऊन गोळी बंद करतो आणि अंगठा लावणारी आजी आपल्या चारही गोळ्या बिनचूक वेळेवर घेते.

नवी प्रश्नावली रचण्याच्या फंदात पडू नये. जपानमध्ये हिरोनो इशिकावा आणि सहकाऱ्यांनी टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांसाठी तयार केलेली व २००८ साली प्रसिद्ध झालेली १४ प्रश्नांची मोजपट्टी या कामाला योग्य आहे. तिचे फ्रेंच रूपांतरही तपासले गेले असल्याने एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेण्याची वाट मळलेली आहे. पहिले पाच प्रश्न दवाखान्यातील वा औषधांच्या दुकानातील कागद वाचताना येणाऱ्या अडचणींविषयी, पुढचे पाच माहिती मिळवून इतरांशी बोलण्याविषयी व ती आचरणात आणण्याविषयी, आणि शेवटचे चार माहितीची विश्वासार्हता पारखण्याविषयी आहेत. प्रत्येक उत्तराला ‘कधीच नाही’पासून ‘बऱ्याचदा’पर्यंत १ ते ४ गुण असतात.

मूळ कर्त्यांची परवानगी घेतल्यावर दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करावे, दोन्ही मसुदे एकत्र बसून जुळवावेत आणि मूळ न पाहिलेल्या तिसऱ्या व्यक्तीकडून जुळवलेल्या मसुद्याचे उलट, म्हणजे पुन्हा मूळ भाषेत, भाषांतर करून घ्यावे. धुळे-जळगावच्या खेड्यांसाठी प्रश्नावलीचा अहिराणी पाठ हवाच. धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी व भिली बोलणाऱ्यांसाठी वेगळे पाठ लागतील. विचारणाऱ्याने ऐनवेळी तोंडी भाषांतर करणे मला सर्वांत घातक वाटते, कारण मग प्रत्येक गावात वेगळाच प्रश्न विचारला जातो.

त्यानंतर थोड्या रुग्णांना प्रत्येक प्रश्न वाचून दाखवून तो त्यांना काय समजला, हे त्यांच्याच शब्दांत सांगायला लावावे. ‘समजनं का?’ असे विचारून काही हाती लागत नाही, कारण समोरचा माणूस भिडेखातर मान डोलावतो. ‘कधीकधी’ आणि ‘बऱ्याचदा’ यांतला फरक बोलीत नेमका उतरला आहे का, हेही याच टप्प्यावर कळते.

वाचता न येणाऱ्यांच्या बाबतीत खरी अडचण पहिल्या पाच प्रश्नांत येते. प्रश्न वाचून दाखवला तरी तो वाचनाविषयीचाच राहतो, त्यामुळे अशा सगळ्यांचे गुण तळाशी साचतात आणि त्यांच्यातला फरक दिसेनासा होतो. म्हणून घरी कागद कोण वाचतो, सून की नातू, याची वेगळी नोंद ठेवावी आणि जोडीला कृतीची तपासणी घ्यावी. रुग्णाच्याच पिशवीतले औषधाचे पाकीट व केसपेपर त्याच्या हाती द्यावा. ‘१-०-१’ लिहिलेली गोळी तो कधी घेतो, जेवणाआधी की नंतर, आणि एखादी वेळ चुकली तर काय करतो, हे त्याला सांगू द्यावे. उपाशीपोटी साखर तपासायला येताना सकाळचा चहा चालतो का, हा प्रश्नही विचारावा. त्याच्या उत्तरातून पुष्कळ कळते. ही तपासणी मूळ मोजपट्टीचा भाग नसल्याने तिचे गुण त्यात मिसळू नयेत.

मुलाखत शक्यतो डॉक्टरांच्या खोलीबाहेर, बाजाराचा दिवस टाळून घ्यावी. बाजारच्या दिवशी रुग्णाचे लक्ष परतीच्या एसटीकडे असते. सोबत आलेला मुलगाच उत्तरे देऊ लागला तर त्याला नम्रपणे थांबवावे, मात्र औषधे तोच सांभाळत असेल तर तसे नोंदवावे.

गुण मोजताना पहिल्या पाच प्रश्नांची उत्तरे उलटवावी लागतात: ५ मधून मिळालेला अंक वजा करावा, म्हणजे जास्त गुण हे जास्त साक्षरतेचे ठरतात. मग तिन्ही भागांची सरासरी स्वतंत्र काढावी. एकच बेरीज केली तर वाचनात अडखळणारी पण डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारणारी बाई आणि सगळे वाचून काहीच न पारखणारा माणूस एकाच रांगेत जाऊन बसतात. पाठ नवा असल्याने भागातील प्रश्न एकमेकांशी सुसंगत आहेत का, हे क्रोनबाखचा अल्फा या संख्याशास्त्रीय मापाने पाहावे, ०.७ किंवा अधिक मूल्य साधारणतः समाधानकारक मानतात. काही रुग्णांना दोन आठवड्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारून उत्तरे किती स्थिर राहतात, हेही तपासावे.