कालयंत्राचा आवाज घरच्या घरी कसा करायचा

गणेशोत्सवातल्या मुलांच्या नाटकात कालयंत्र आलं की कुणीतरी मोबाइलवर शोधून एक सूंऽऽऽ करणारा आवाज उतरवून घेतो आणि तोच वाजवतो. माझं म्हणणं, तसं करू नका. आमच्या इंदूरच्या राजेंद्र नगरात मुलांच्या नाटकांचा आवाज मी सांभाळते, आणि या कामात मी एक गोष्ट धरून ठेवली आहे: कानाला खरा वाटणारा आवाज हातात धरता येणाऱ्या वस्तूतून निघतो. याचं सर्वांत उत्तम उदाहरण म्हणजे 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेचा पहिलाच भाग.

तो भाग बीबीसीवर 23 नोव्हेंबर 1963 रोजी दाखवला गेला. आदल्याच दिवशी केनेडींची हत्या झाली होती, म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी तो पुन्हा दाखवला. दिग्दर्शक होते लखनौत जन्मलेले वारिस हुसेन, वय अवघं चोवीस. गोष्ट एवढीच: एका विलक्षण हुशार विद्यार्थिनीच्या मागावर तिचे दोन शिक्षक भंगाराच्या आवारात शिरतात. तिथे पोलिसांची एक निळी पेटी, म्हणजे पोलिसांना फोन करायची खोली, उभी असते; तीच खरं तर कालयंत्र. शिक्षकांपैकी इयन मास्तर पेटीला हात लावतात आणि दचकतात, कारण ती थरथरत असते, जिवंत असल्यासारखी. आत गेल्यावर ती बाहेरच्यापेक्षा कितीतरी मोठी निघते आणि शेवटी शिक्षकांना घेऊनच निघून जाते. निघतानाचा तो घरघरता, धापा टाकणारा आवाज बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमधल्या, म्हणजे कार्यक्रमांसाठी खास आवाज तयार करणाऱ्या विभागातल्या, ब्रायन हॉजसन यांनी केला. कशातून? एका जुन्या पियानोच्या खर्जाच्या तारांवर आईच्या घराच्या दाराची किल्ली घासून. मग टेपवर त्याची उलटापालट केली, प्रतिध्वनी चढवला. आज आपण ज्याला सिंथेसायझर म्हणतो, तसलं काहीही त्यांच्या हाताशी नव्हतं.

आता आपण करू. पियानो शोधत बसू नका. खर्जाच्या तारेवर दुसरी बारीक तार गुंडाळलेली असते, सगळी जादू त्या वेटोळ्यांत आहे. किल्लीची कड एकेका वेटोळ्यावरून टकटक करत जाते. हात जोरात गेला की टकटक दाटते आणि सूर चढतो, हात सावकाश गेला की सूर उतरतो. तशीच गुंडाळलेली तार साध्या गिटारला असते, सहावी, सर्वांत जाड. घरातल्या तंबोऱ्याला मात्र हात लावू नका. त्याची खर्जाची तार पितळी असली तरी बहुधा साधी, बिनवेटोळ्यांची असते, म्हणजे आवाजही मिळणार नाही आणि वाद्य खराब होईल ते वेगळंच. गिटारची तारही घासून झिजते, तेव्हा जुनी, बदलायला आलेली तार यासाठी राखून ठेवा.

किल्ली जुन्या कुलुपाची, गोल दांड्याची घ्या. आजकालच्या चपट्या किल्लीचे दाते वेटोळ्यांत अडकतात आणि आवाज तुटक येतो. गिटार टेबलावर टॉवेल घालून आडवी ठेवा. बाकीच्या पाच तारांखाली घडी केलेला रुमाल सरकवा, नाहीतर त्याही गुणगुणतात. सहावी तार थोडी सैल करा. फोन गिटारच्या भोकापासून वीतभर लांब, वेगळ्या टॉवेलवर ठेवा, विमान मोडवर टाका आणि रेकॉर्डरमध्ये आवाजाची आपोआप सफाई करणारी सोय असेल तर ती बंद करा. ती सोय नेमका आपल्याला हवा तो खरखराट गिळून टाकते.

वेळ पहाटेची. पंखा बंद, फ्रिज बंद, आणि कचरागाडी तिचं गाणं वाजवत गल्लीत शिरायच्या आत काम उरका. इंदूरकरांना याहून जास्त सांगायला नको.

आता किल्ली ओढायची. गळ्याकडून घोडीकडे, एका दमात, सावकाश सुरू करून शेवटी वेगात. नीट ऐकलंत तर दोन सूर कळतील. किल्लीच्या पुढचा तारेचा तुकडा आखूड होत जातो म्हणून एक सूर चढतो. मागचा लांब होत जातो म्हणून दुसरा उतरतो. दोन्ही एकमेकांना छेदून जातात. आमच्या नाटकातल्या एका छोट्या मुलीने पहिल्यांदा किल्ली ओढली आणि हात तिथेच थांबवून म्हणाली, "काकू, ही तर रडतेय!" तो टेक मी ठेवला. मुलांचा हात मोठ्यांइतका सफाईदार नसतो, मध्ये किंचित अडखळतो, आणि यंत्राला धाप लागल्याचा भास नेमका त्या अडखळण्यातून येतो. म्हणून हे काम मुलांनाच करू द्या.

पुढचं काम संगणकावर ऑडेसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या प्रोग्रॅममध्ये, तो फुकट मिळतो. चांगल्या टेकच्या तीन प्रती करा. पहिलीचा वेग निम्मा करा: सूर एक सप्तक खाली जाईल, लांबी दुप्पट होईल. दुसरीचाही वेग निम्मा करा, पण ती उलटी फिरवून पहिलीच्या मागे जोडा. श्वास आत, श्वास बाहेर, अशी लय तयार होते. तिसरीचा वेग पाव करा, ती दोन सप्तकं खाली जाऊन गुरगुरेल. ती दोघींच्या खाली हळू आवाजात पसरा. मग प्रतिध्वनी द्या, सुमारे 0.35 सेकंदाच्या अंतराने, निम्म्या जोराचा. हे जोडकाम तीन-चारदा पुढे चिकटवा. फक्त 'चेंज पिच' नावाचा पर्याय वापरू नका. त्यात सूर बदलतो पण लांबी तेवढीच राहते, आणि आवाज प्लॅस्टिकचा होतो.

मंडपातल्या कर्ण्यांतून खालची गुरगुर ऐकूच येत नाही, म्हणून पहिल्या प्रतीचा जोर थोडा वाढवलेली वेगळी फाइल सोबत ठेवा आणि प्रयोगाआधी मंडपवाल्याच्या बॉक्सवर वाजवून पाहा.

यंत्र उभं असताना ती इयन मास्तरांना जाणवलेली थरथरही हवी. घरच्या इन्व्हर्टरची घूं रेकॉर्ड करा आणि पडदा उघडल्यापासून अगदी हलकी चालू ठेवा. उड्डाणाच्या आधी दोन क्षण ती बंद करा, मग किल्लीचा आवाज सोडा. प्रेक्षकांना का ते कळत नाही, पण सगळे सावरून बसतात. उतरताना शेवटी एक धप्प लागतो; गिटारच्या पाठीवर मूठ मारलीत तरी काम होतं.

आणि पहाटेचं मूळ रेकॉर्डिंग न कापता जपून ठेवा. राक्षसाची झोप, जुन्या वाड्याचं दार, विहिरीतला रहाट, असं बरंच काही त्याच खरखरीतून पुढच्या वर्षी काढता येतं.