आद्य ख्रिस्ती लेखकांचं हौतात्म्यावरचं लेखन कसं वाचायचं? एकच प्रश्न धरा: पळायचं की थांबायचं

सेमिनरी हिल्सकडची काही पोरं, आमच्या सदरच्या चर्चमधले एक-दोन काका आणि हिस्टरीत एमए करणारी एक ताई, सगळे फिरून फिरून तेच विचारतात की पहिल्या तीन शतकांतल्या ख्रिस्ती लोकांनी मरणाबद्दल एवढं काऊन लिहिलं, आणि ते वाचायचं तर सुरुवात कुठून करायची. म्हणून एकदाचं नीट लिहून ठेवतो.

आधी संतांच्या गोष्टींची पुस्तकं बाजूला ठेवा. त्यातल्या पुष्कळ गोष्टी खूप नंतर रचलेल्या आहेत, आणि त्या वाचून असं वाटतं की रोमन सरकार तीनशे वर्षं रोज ख्रिस्ती पकडून सिंहापुढे टाकत होतं. तसं नव्हतं. छळ मधेमधे व्हायचा, कुठे कुठे व्हायचा. 112 च्या सुमारास रोमन सम्राट ट्राजनने आपल्या एका प्रांताचा गव्हर्नर प्लिनी याला लिहिलेलं उत्तर वाचा, अर्ध्या पानाचं आहे: ख्रिस्ती लोकांना शोधून काढू नका, निनावी तक्रार घेऊ नका, पण कोर्टात सिद्ध झालं आणि माणूस मागे हटला नाही तर शिक्षा द्या. पूर्ण साम्राज्यासाठी फर्मान निघालं ते थेट सम्राट डेशियसच्या काळात, 250 च्या आसपास. एवढं डोक्यात पक्कं असलं की पुढचं सोपं जातं. मूळ लेखनाची 19व्या शतकातली इंग्रजी भाषांतरं नेटवर फुकट आहेत, भाषा जुनाट आहे पण वाचता येते.

मग लेखकांची यादी पाठ करत बसू नका, एक प्रश्न धरा. छळ सुरू झाला तर पळायचं की थांबायचं? बायबलमधल्या मत्तयच्या 10व्या अध्यायात येशू स्वतःच सांगतो की एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळा, आणि तोच येशू वधस्तंभापासून पळाला नाही, तर शिष्याने यातलं काय धरायचं? देव कसा आहे, ख्रिस्ताचं शरीर खरं होतं का, पापाची क्षमा कोणाच्या हातात आहे, सगळे वाद या एका प्रश्नातून बाहेर निघतात.

पहिल्यांदा पॉलिकार्प घ्या. स्मुर्णा शहराचा म्हातारा बिशप, साधारण 155 च्या सुमारास मारला गेला, आणि तिथल्या मंडळीने ती हकीकत पत्रात लिहून दुसऱ्या मंडळीला पाठवली. त्यात क्विंटस नावाचा एक माणूस आहे, स्वतःहून पुढे झाला, दुसऱ्यांनाही पुढे केलं, आणि जनावरं पाहिल्यावर घाबरून देवांना अर्पण करून मोकळा झाला. पत्र सरळ म्हणतं की असं स्वतःहून जाणं आम्हाला मान्य नाही, सुवार्ता हे शिकवत नाही. आणि पॉलिकार्प? तो आधी शहराबाहेरच्या मळ्यात जाऊन राहिला, मग दुसऱ्या मळ्यात, आणि शिपाई पोचले तेव्हा अजून पळता येत होतं तरी थांबला, त्यांना जेवायला वाढायला सांगितलं, प्रार्थनेला एक तास मागितला आणि दोन तास उभा राहून प्रार्थना केली. हा भाग हळू वाचा. पळणंही आलं, थांबणंही आलं, आणि मंडळीच्या मते दोन्ही बरोबर.

इग्नेशियस नंतर घ्या, काळाने आधीचा असला तरी. हा अंत्युखियाचा बिशप, त्याला मारायला बेड्या घालून रोमला नेत होते, आणि वाटेत त्याने पत्रं लिहिली. त्याचं रोमकरांना लिहिलेलं पत्र एकदम वाचलं तर माणूस बिचकतो, कारण तो म्हणतो मला वाचवू नका, मी देवाचा गहू आहे, जनावरांच्या दातांनी दळला जाऊ द्या. म्हणून आधी त्याचं स्मुर्णाकरांना लिहिलेलं पत्र वाचा. तेव्हा काही लोक शिकवत होते की ख्रिस्ताने खरं दुःख सोसलंच नाही, नुसतं दिसलं. इग्नेशियस विचारतो, तसं असेल तर माझ्या बेड्याही नुसत्या दिसण्यापुरत्या का, मी स्वतःला मरणाच्या हवाली काऊन केलं? त्याचं मरण म्हणजे त्याचा युक्तिवाद आहे, हे कळलं की गव्हाचं वाक्य वेगळं लागतं.

यानंतर क्लेमेंट आणि टर्टुलियन एकाच बैठकीत. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट म्हणतो जो टाळता येत असून टाळत नाही तो मारणाऱ्याच्या पापात भागीदार होतो. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहराचा टर्टुलियन आधी पळायला परवानगी देतो, नंतर पूर्ण उलटतो: छळ देवाच्या इच्छेनेच येतो, मग पळून जाणार कुठे, आणि लाच देऊन सुटणं तर त्याहून वाईट. मला क्लेमेंट पटतो, पण टर्टुलियनचा तर्क तोडायला सोपा नाही, तोडून बघा.

पर्पेच्युआ मात्र कुठल्याही प्रश्नाची चौकट न लावता वाचा. कार्थेज, 203, वय 22 च्या आसपास, अंगावर पिणारं बाळ, आणि तुरुंगात स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं. बाप समजवायला येतो तेव्हा ती शेजारचं भांडं दाखवून विचारते, बाबा, याला जे आहे त्याशिवाय दुसरं काही म्हणता येईल का? नाही. मग मलाही ख्रिस्ती सोडून दुसरं काही म्हणता येत नाही. बाप चिडून अंगावर धावून येतो. तिच्यासोबतची दासी फेलिसिटी तुरुंगात बाळंत होताना ओरडते, पहारेकरी टोमणा मारतो की आत्ताच हे हाल तर जनावरांपुढे काय करशील, आणि ती म्हणते आत्ता माझं मी सोसते, तेव्हा माझ्यात दुसरा कोणी असेल जो माझ्यासाठी सोसेल. रक्तसाक्षीत, म्हणजे श्रद्धेसाठी मरणाऱ्या माणसात, ख्रिस्त स्वतः दुःख सोसतो ही शिकवण मोठ्या ग्रंथांत पानंच्या पानं चालते, इथे बाळंतपणाच्या कळांमधे एका वाक्यात आली आहे. मी ही जागा वाचून दाखवताना दर वेळी थांबतो.

सर्वात जास्त वेळ सिप्रियनला द्या. डेशियसच्या फर्मानाप्रमाणे प्रत्येकाने देवांना अर्पण करून सर्टिफिकेट घ्यायचं होतं. इजिप्तच्या वाळूत अशी सर्टिफिकेटं सापडली आहेत, मजकूर अगदी तहसीलमधल्या अर्जासारखा: मी देवांना नेहमीच अर्पण करत आलो, आत्ताही तुमच्यासमोर आदेशाप्रमाणे केलं, अर्पणातलं चाखलं, तरी सही करावी ही विनंती. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी अर्पण केलं, काहींनी पैसे देऊन नुसता कागद घेतला. कार्थेजचा बिशप सिप्रियन स्वतः लपला होता आणि रोमच्या पाळकांनी त्यावर बोट ठेवलं. छळ पूर्ण ओसरायच्या आतच पडलेले लोक, म्हणजे अर्पण केलेले किंवा कागद घेतलेले, परत येऊ लागले, आणि तुरुंगात टिकलेले लोक त्यांना माफीच्या चिठ्ठ्या देऊ लागले. आता माफ करणार कोण, सोसलेला माणूस की बिशप? सिप्रियनचं या पडलेल्यांवरचं, म्हणजे पतितांवरचं, छोटं पुस्तक आणि पत्रं याच भांडणातून आली. पुढे 258 मधे रोमन गव्हर्नरने त्याला युटिका या दुसऱ्या शहरात बोलावलं तेव्हा तो पुन्हा लपला, कारण बिशपने आपल्याच शहरात, आपल्या लोकांसमोर मरावं असं त्याचं म्हणणं होतं. मग कार्थेजला परतला, 14 सप्टेंबरला शिक्षा ऐकून देवाचे आभार मानले आणि तलवारीने मारणाऱ्याला 25 सोन्याची नाणी द्यायला सांगितली. पळालेला आणि थांबलेला माणूस एकच, म्हणून माझ्या मते या प्रश्नाचं सगळ्यात खरं उत्तर त्याच्याकडे आहे.

शेवटी ऑगस्टिन, उत्तर आफ्रिकेतलाच नंतरचा बिशप. त्याच्या काळात राज्य ख्रिस्ती झालेलं, आणि डोनाटस पंथाचे, म्हणजे मुख्य मंडळीतून फुटून निघालेले तिथलेच ख्रिस्ती लोक म्हणत होते की आमचा छळ होतो म्हणजे खरी मंडळी आम्हीच. त्यावर ऑगस्टिन म्हणतो, शिक्षेने कोणी रक्तसाक्षी होत नाही, कशासाठी सोसलं त्याने होतो. इथवर आलात की सिप्रियनची पत्रं परत काढा, कारण त्या वादात दोन्ही बाजू सिप्रियन आमचाच म्हणून सांगत होत्या.