दुधीचं बियाणं निवडताना या चुका टाळा

मांडवावरचा सगळ्यात देखणा दुधी हेरायचा, त्याला चिंधी बांधायची आणि तोच बियाण्याला राखायचा, ही सवय जुनी आहे. चूक इथेच होते, कारण निवड फळाची नव्हे, वेलाची करायची असते. ते देखणं फळ देणारा वेल कदाचित तीनच फळांवर थांबला असेल. फळांची संख्या आणि एका फळाचं वजन यांत एक वाढलं की दुसरं बहुधा घटतं. म्हणून प्रत्येक तोड्याला वेलवार फळं मोजा आणि वजन लिहा. पहिलं मादी फूल कितव्या पेरावर आलं हेही टिपा. ते खालच्या पेरावर आलं तर तोडा लवकर सुरू होतो.

एवढं करूनही पुढच्या हंगामात उत्पादन वाढत नाही, ही नेहमीची तक्रार. कडेच्या वेलाला ऊन-वारा आणि मोकळी जागा जास्त मिळते. तो लदलदून लागतो आणि श्रेय आपण बियाण्याला देतो. डोळ्यांना दिसणाऱ्या फरकातला जो वाटा जनुकांचा, ती आनुवंशिकता. समजा, सगळ्या वेलांची सरासरी 4 किलो आहे आणि तुम्ही निवडलेल्यांची 6. आनुवंशिकता 30 टक्के धरली, तर 2 किलोंच्या फरकातले फक्त 0.6 किलो पुढच्या पिढीत उतरतात. सरासरी होते 4.6. परागकण निवडीबाहेरच्या वेलांवरून आले असतील तर त्याचंही निम्मं, म्हणजे 4.3! कडेचे वेल तुलनेत धरू नका, आणि वाणांची तुलना करायची तर प्रत्येक वाण किमान तीन वेगवेगळ्या जागी लावा.

परागकणांची ही गळती मात्र थांबवता येते. दुधीत नर आणि मादी फुलं वेगळी, पण एकाच वेलावर असतात आणि ती संध्याकाळी उमलतात. त्या दिवशी उमलणाऱ्या दोन्ही कळ्यांना दुपारीच कागदी पिशव्या घाला, संध्याकाळी त्याच वेलाचं नर फूल मादी फुलाला लावा आणि मादी फुलावर पिशवी पुन्हा चढवा. सकाळी पिशव्या घेऊन जाणारे लोक काकडीच्या सवयीने जातात. तोवर पतंग येऊन गेलेले असतात. बाहेरच्या परागकणांमुळे या वर्षीच्या फळाचा गर बदलत नाही, त्यामुळे भेसळ लक्षातच येत नाही. ती बियांत दडते. कडू दुधीचंही तसंच: फळाची चव आईवेलाची असते, आतल्या बियांची नाही. नव्या पिढीचा प्रत्येक वेल वेगळा तपासा. कोवळ्या फळाचा कण जिभेला लावून थुंकून टाका. कडू लागला तर तो वेल उपटा. हा कडूपणा कुकुरबिटासिन या विषारी द्रव्याचा असतो, असं फळ खाणं धोक्याचं आहे.

संकरित वाणाचं बी राखलं तर पुढची पिढी फुटते, वेल एकसारखे येत नाहीत. थेट पीक म्हणून ते निरुपयोगी. निवडीला विविधता हवी असेल तर मात्र कामाचं.

शेवटी एक फसवी नोंद. पहिलंच फळ बियाण्याला ठेवलं की वेल पुढची फळं धरायला मंदावतो आणि तुमचा सगळ्यात चांगला वेल वहीत मागे पडतो. सुरुवातीचे तोडे सगळ्या वेलांवरून सारखेच घ्या, मग पिशव्या बांधा. फळ वाळून हलवल्यावर बिया खुळखुळल्या की उतरवा आणि वेलाचा क्रमांक फळावरच लिहा.